चुन्याची खूण

आमच्या शहरात बागा आखून द्यायचं काम सगळ्यात आधी माझ्या आत्यानं सुरू केलं. मे महिन्यातल्या दुपारी ती रिकाम्या प्लॉटवर अनवाणी फिरायची आणि पाय जिथं जास्त पोळेल, तिथं चुन्यानं झाडाची खूण करायची. मनीषनगरच्या आमच्या अंगणातला कडुनिंब तिनं असाच लावला होता. पाखरं गाडीवर घाण करतात, एवढ्याच कारणासाठी आम्ही तो तोडला आणि वर सिमेंटचे गट्टू बसवले.

परवा भर उन्हात ती आली. हल्ली तिला फारसं आठवत नाही. फाटकाशीच तिनं चपला काढल्या. मी अडवायला हवं होतं, पण झाडाचा विषय निघेल म्हणून गप्प राहिले. चालत चालत ती नेमकी त्याच जागी थांबली.

"पाय भाजून राहिले वं. चुना आण, इथं कडुनिंब लावू."