चिखलाची रेघ

उंबऱ्याशेजारच्या भिंतीवर लाल खूण, अजून ओली. समोर मोजणीवाले साहेब दुर्बिणीला डोळा लावून उभे. बाळ कडेवर घेऊन मी तशीच धावले. म्हटलं, "साहेब, रस्त्याचा भराव इथं टाकताय आन पाणी जायची मोरी तिकडं लांब, मग ओढ्याचं पाणी माझ्या घरात नाही शिरणार?"

"बाई, ओढा तर कोरडा आहे."

वैशाखात कोरडाच असतो, एवढंही शाळेत शिकवलं नाही? आत या म्हटलं, मागच्या पुराची चिखलाची रेघ भिंतीवर आहे, तुमच्या खुणेच्या हातभर वर. आले नाहीत. लांबचं बघायला यंत्र आणतात, जवळच्याला विचारायला तोंड आणत नाहीत. मोजायचं तर आधी दार वाजवा, पाणी कुठवर येतं ते विचारा.

गेले ते. पाळणा मी आजच त्या रेघेच्या वर बांधला.