भोर सरांची पाठकोरी पानं

लायब्ररीत न मागता साठणाऱ्या गोष्टी दोन. एक धूळ आणि दुसरे भोर सरांचे किस्से. धूळ निदान दिवाळीच्या सुट्टीत झटकता तरी येते. किस्से झटकायला गेलं की एकाखाली आणखी दोन निघतात. मी नारायणगावजवळच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. माझं काम पुस्तकं सांभाळायचं, पण कोणी नवीन रुजू झालं की त्याला आधी माझ्याकडे पाठवतात, ते भोर सरांबद्दल ऐकायला.

सरांनी तीसेक वर्षं राज्यशास्त्र शिकवलं. रिटायर होऊन ते पिंपळवंडीला घरी बसले, पण त्यांचे कागद काही केल्या एका जागी बसेनात. सोफ्यावर कागद, फ्रीजवर कागद, देवघरात कागद. शेवटी शालनकाकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीनं, निर्वाणीचं सांगितलं, "या घरात येक तर ह्ये कागद ऱ्हातील, न्हाईतर मी."

सर विचारात पडले. तेवढ्यात आमच्या प्राचार्यांनी कॉलेजात 'भोर संग्रह' नावाची खोली काढायचं ठरवलं आणि एक संसार वाचला.

*

कागद आले ते टोमॅटोच्या क्रेटमधून. त्यात नवल काही नाही, आमच्या भागात लग्नाची भांडीसुद्धा क्रेटमधूनच येतात. पण वर हिरवी जाळी टाकलेले एकोणीस क्रेट घेऊन टेम्पो गेटात शिरला आणि वॉचमननं वर निरोप दिला की भोर सरांनी माल पाठवलाय.

पाच मिनिटांत अर्धा स्टाफ पिशव्या घेऊन खाली! जाळी काढली तर आत 'द्विसदनी कायदेमंडळ : फायदे व तोटे'. सगळे हळूच पांगले. गणिताच्या मॅडमना मात्र पिशवी रिकामी परत न्यायला बरं वाटेना, म्हणून त्या जाताना माझ्याकडून दोन मासिकं घेऊन गेल्या. ती अजून परत आलेली नाहीत.

*

सरांची एक सवय आधी सांगते. सरांनी कोऱ्या कागदावर कधी लिहिलंच नाही. एका बाजूला काही छापलेलं आणि दुसरी बाजू मोकळी, असा पाठकोरा कागद दिसला की ते घडी घालून खिशात टाकायचे. लग्नपत्रिका, फवारणीच्या औषधाची पत्रकं, यात्रेतल्या बैलगाडा शर्यतीच्या जाहिराती, काहीही चालायचं. लग्नाचं आमंत्रण द्यायला कोणी घरी आलं की सर आधी पत्रिका उलटून बघायचे. मागे छापलेलं असलं तर चेहरा उतरायचा.

तर हे सगळे कागद स्कॅन करायचं काम लहूभाऊंकडे दिलं. लहूभाऊ आमचे लायब्ररी अटेंडंट, राहणार आणे गावचे, रिटायरमेंटला दोन वर्षं राहिलेली आणि कामाला एकदम चोख. बारा दिवस ते मशीनपुढून हलले नाहीत. तेराव्या दिवशी प्राचार्यांनी सगळ्या स्टाफला बोलावून मोठ्या स्क्रीनवर संग्रह उघडायला लावला.

पहिलं पान, 'आमचे येथे श्रीकृपेकरून'. दुसरं पान, टोमॅटोवरील करप्यावर खात्रीचा उपाय. तिसरं पान, पहिल्या नंबरात येणाऱ्या बैलगाड्यास फ्रीज.

प्राचार्यांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. मग म्हणाले, "सरांचा आवाका मोठा होता."

लहूभाऊंनी प्रत्येक कागदाची छापील बाजू स्कॅन केली होती! मी कपाळाला हात लावला. पण ते आपल्या जागी ठाम होते. "मॅडम, एका अंगाला छापलेलं हाय, दुसऱ्या अंगाला निसता गिचमिडा. छापलेलं त्ये खरं, आसंच आमी शिकलो."

मी सरांना फोन लावला आणि नेमकी कोणती बाजू तुमची, असं विचारलं. सर म्हणाले, "जिथे खाडाखोड आहे ती."

मग पुन्हा बारा दिवस गेले. त्या बारा दिवसांत लहूभाऊंना एक खोड लागली. हातात येईल ती वस्तू उलटून बघायची. एसटीचं तिकीट, नोटीस, कॅन्टीनमधली बशी. बशी उलटताना त्यात चहा होता, पण तो वेगळा विषय.

*

नीट स्कॅन झालेल्या पानांतलं माझं सगळ्यात आवडतं पान म्हणजे अभिरूप संसदेचं इतिवृत्त. मागे मळणीच्या थ्रेशरची जाहिरात आहे.

सरांनी शेवटच्या वर्षाच्या वर्गाची संसद भरवली होती. विरोधी बाकांवर बसलेली सगळी मुलं आण्याकडची. सभात्याग म्हणजे काय, हे सरांनी त्यांना महिनाभर घोटून शिकवलं. घोषणा द्यायच्या, रांगेनं बाहेर जायचं, दहा मिनिटं थांबायचं, परत यायचं.

मुलांनी घोषणा दिल्या. रांगेनं बाहेर गेली. आणि गेली ती थेट एसटी स्टँडवर, कारण आण्याच्या गाडीची वेळ झाली होती. सर दहा मिनिटं थांबले, वीस मिनिटं थांबले. मग सत्ताधारी पक्षानं एक ठराव मांडला आणि विरोधात कोणीच नसल्यामुळे तो चर्चेशिवाय मंजूर झाला. ठराव होता, आम्हीपण जातो.

इतिवृत्ताच्या शेवटी सरांच्या अक्षरात लिहिलंय, 'सभागृह रिकामे. सभापती उपस्थित.'

*

गुप्त मतदानावर सरांची इतकी श्रद्धा की स्टाफरूममध्ये दुपारी चहा मागवायचा की कॉफी, यावरसुद्धा ते चिठ्ठ्या टाकायला लावायचे. स्वतःची चिठ्ठी लिहायला कपाटाच्या मागे जायचे. जे जिंकेल ते प्यायचे, चेहऱ्यावरची रेषसुद्धा न हलवता. आम्ही वर्षानुवर्षं त्यांच्याबरोबर बसलो, पण भोर सरांना चहा आवडतो की कॉफी, हे त्यांच्या निरोप समारंभापर्यंत कोणाला कळलं नाही. समारंभात म्हणून दोन्ही ठेवलं, तर सर पाणी प्यायले.

मी एकदा काकूंना विचारलं की घरी काय पितात. काकू म्हणाल्या, "घरात दोन मतं. बराबरी झाली की अध्यक्षाचं मत. अध्यक्ष मी."

*

आता सरांच्या अंदाजांबद्दल. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत कुठेही निवडणूक लागली की सर अभ्यास करायचे, कोण निवडून येणार ते लिहून पाकिटात बंद करायचे आणि निकालानंतर ते पाकीट सगळ्यांसमोर उघडायचे. सर ज्याला निवडून आणतील तो पडायचा. कधीतरी नाही, दर वेळी.

ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. एकदा वारूळवाडीचे एक उमेदवार द्राक्षांची पेटी घेऊन सरांच्या घरी आले. म्हणाले, "सर, पाया पडतो, आमचं नाव तेवढं घिऊ नका. घ्यायचंच आसंल तर पडनाऱ्यांत घ्या."

सर भयंकर चिडले. शास्त्राचा सौदा होत नाही, असं त्यांना सुनावलं. नंतर पेटी परत पाठवली आणि सोबत पत्र दिलं. त्या पत्राची नक्कल सातव्या क्रेटमध्ये सापडली : 'द्राक्षे परत करीत आहे. आपण निश्चित निवडून याल असे माझा अभ्यास सांगतो. शुभेच्छा.'

पत्र वाचून तो माणूस दोन दिवस घराबाहेर पडला नाही म्हणे. आणि पडला तो निवडणुकीतच.

*

इथपर्यंत सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग स्कॅन झालेली पानं नीट लावता लावता मी एकोणिसाव्या क्रेटशी आले. त्यात सरांचं पुस्तक होतं.

तीस वर्षं सर एसटीनं जुन्नर आणि आंबेगाव फिरले, पारावर बसले, लोकांना विचारत राहिले की तुम्ही मत कसं ठरवता. त्यातून हे हस्तलिखित झालं. शेवटचं प्रकरण त्यांच्या स्वतःच्या वॉर्डाबद्दल होतं, कारण त्या वर्षी शालनकाकू ग्रामपंचायतीला उभ्या होत्या. निशाणी शिलाई मशीन. घरात काकूंच्या प्रचारपत्रकांचे गठ्ठे पडलेले आणि सगळी पाठकोरी, मग काय! अख्खं प्रकरण सरांनी मतदानाच्या आदल्या दिवशी त्या पत्रकांच्या मागे लिहून काढलं.

शेवटच्या पानावरची शेवटची ओळ होती, 'वरील सर्व विवेचनावरून असा निष्कर्ष निघतो की'. त्याच्या पुढचं पान नव्हतं.

आम्ही एकोणीसही क्रेट उपसले. सर रोज पिंपळवंडीहून यायचे, जमिनीवर बसायचे आणि एकेक कागद दोन्ही बाजूंनी बघायचे. गुडघे दुखतात म्हणून उठताना लहूभाऊंचा हात धरायचे. मला त्यांच्याकडे बघून फार वाईट वाटायचं. माणसाचं आयुष्यभराचं काम आणि ते असं अर्ध्या वाक्यात अडकलेलं.

उद्घाटनाची पत्रिका छापून झाली होती. प्राचार्यांनी सुचवलं की सर, आता नवा निष्कर्ष लिहून टाका, काकू तर निवडून आल्याच आहेत, सोपं आहे.

"निकाल लागल्यावर लिहिलेला निष्कर्ष म्हणजे पेपर फुटल्यावर दिलेली परीक्षा," सर म्हणाले. "अर्धवट पुस्तक मला ठेवायचं नाही. क्रेट परत पाठवा."

मी विचारलं, "सर, तुम्ही काय लिहिलं होतं ते आठवतं का?"

सर खिडकीबाहेर बघत म्हणाले की नाही आठवत. माणूस खोटं बोलतोय हे मला कळलं, पण का, ते कळेना.

*

शेवटचा उपाय म्हणून मी आणि लहूभाऊ सरांच्या घरी गेलो. काकूंनी चहा ठेवला. हॉलमध्ये टीव्हीच्या वर काकूंचं प्रचारपत्रक फ्रेम करून लावलेलं होतं, फोटो, शिलाई मशीन, सगळं. निवडून आलेल्या माणसाच्या घरात असं असतंच, मी तिकडे बघितलंसुद्धा नाही.

लहूभाऊंनी बघितलं. ते उठले आणि सवयीप्रमाणे फ्रेम उलटी केली.

"हात लावू नगा!" काकू आतून ओरडल्या. पण उशीर झाला होता. मागे पुठ्ठा नव्हता, तिथेही काच होती. आणि काचेच्या आत सरांचं अक्षर.

सर पंख्याकडे बघायला लागले. काकू चहाचा ट्रे घेऊन तशाच उभ्या.

"निकालाच्या दिवशी घावलं व्हतं मला," काकू शेवटी म्हणाल्या. "तवाच फ्रेम केलं, ह्यांनाबी न सांगता. फुडची बाजू गावाची. मागची माझी."

मी म्हटलं, "सर, वाचा." सरांनी चष्मा लावला आणि घसा साफ केला.

"...की उमेदवार क्रमांक दोन, सौ. शालन भोर यांचा पराभव निश्चित आहे. प्रमुख कारण, उमेदवाराचे पती. ते मतदारांना मत मागण्याऐवजी मताधिकाराचा इतिहास सांगत बसतात."

सर थांबले.

"येवढंच हाय?" काकूंनी विचारलं.

"एवढंच."

"आन् खालची वळ?"

"मतदान गुप्त असतं," सर म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते.

मी त्यांच्या शेजारीच उभी होते, म्हणून मला ती ओळ दिसली. 'संशोधकाने आपला कल लपवू नये, म्हणून नोंद : माझे मत क्रमांक दोनला.'

फ्रेम कॉलेजला द्यायला काकूंनी साफ नकार दिला. सर माझ्याकडे बघायला लागले. शेवटी काकूच म्हणाल्या की फोटो काढून न्या. त्यांनी कागद काचेतून काढला आणि खिडकीजवळ उजेडात धरला. लहूभाऊंनी मोबाइल रोखला आणि खाली घेतला.

"काकू, आंगठा जरा सरकवा. शेवटची वळ झाकतीय."

"बाकीचं पुस्तकाचं हाय," काकू म्हणाल्या. "काढा फोटो."

*

उद्घाटन झालं. पुण्याहून विद्यापीठातल्या एक बाई पाहुण्या म्हणून आल्या होत्या. काचेच्या पेटीत ठेवलेलं हस्तलिखित त्यांनी अगदी मन लावून बघितलं. शेवटच्या पानाच्या फोटोपाशी त्या वाकल्या, चष्मा वर केला, पुन्हा खाली घेतला.

"सर, अंदाज चुकला की तुमचा."

"हो," सर म्हणाले. शालनकाकू शेजारीच उभ्या होत्या, नव्या साडीत.

"आणि इथे खाली काहीतरी लिहिलेलं दिसतंय. पण वर अंगठा आलाय कोणाचा तरी. कोणाचा आहे हा?"

सर म्हणाले, "विजयी उमेदवाराचा."