बिनविरोध गावची बाई

शिऱ्याच्या वाट्या ट्रेमध्ये मांडून मी हॉलमध्ये नेल्या. पहिली वाटी मॅडमपुढे धरली. त्यांनी वाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हाताच्या पालथ्या बाजूने ती ढकलून दिली. शिरा गालिच्यावर सांडला. पाहुण्यांकडे वळून त्या म्हणाल्या, "हिला काय कळणार? यांची मतं एका मटणाच्या जेवणावर जातात."

कुणीतरी हसलं. मी खाली बसून शिरा गोळा करू लागले.

कोंडाण्याच्या वाटेवर त्यांचं फार्महाऊस आहे. सहा वर्षं मी तिथे स्वयंपाक आणि झाडलोट करत होते. साहेब-मॅडम मुंबईचे. त्यांची लेक अमेरिकेत, तिकडचीच नागरिक झालेली. त्या दिवशी तिकडच्या राष्ट्राध्यक्षाचा निकाल होता. मित्रमंडळी आदल्या दिवशीच मुक्कामाला आलेली. निकाल लागला की सगळ्यांना शिरा दे, असं मॅडमनीच सांगून ठेवलं होतं. निकाल लागला. टीव्हीवर माणसं नाचू लागली. मी शिरा नेला. नाचणारी माणसं मॅडमच्या बाजूची नव्हती, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

येणार कुठून? मी लग्न होऊन या गावात आले तेव्हापासून इथे ग्रामपंचायतीचं मतदान झालेलं नाही. आमचं गाव बिनविरोध. निवडणूक लागली की गावकी देवळात बसते. पुरुष आत, बायका पायरीवर. कुठल्या वॉर्डातून कोण, ते आत ठरतं. मग देवापुढे नारळ ठेवतात. नारळ ठेवला की दुसऱ्या कुणी अर्ज भरायचा नाही. वॉर्डात एकच अर्ज राहिला की मतदानच होत नाही. निकालाच्या दिवशी घरोघरी पेढे येतात. हरलेलं घर कसं दिसतं, ते मी कधी पाहिलंच नव्हतं.

आणि मटण. आमदार-खासदाराच्या निवडणुकीत गावात मटण शिजतं, खोटं कशाला बोलू. पण ते पुरुष खातात, गावाबाहेरच्या शेडमध्ये. आम्हाला फक्त बटण सांगितलं जातं. मी ते मुकाट्याने दाबत आले. त्याची लाज आहे मला. पण त्या मटणाचा तुकडा कधी तोंडात गेला नाही आणि त्याचा उष्टा हात मॅडमनी माझ्या तोंडावर पुसला.

दुपारी लेकीचा फोन आला. मोठ्या पडद्यावर ती दिसत होती. हुंदके देत होती. मी दाराशी भांडी आवरत होते. ती म्हणत होती, आता बाईच्या पोटातल्या मुलाचं काय करायचं ते सरकार ठरवणार. परदेशातून आलेल्यांना हाकलणार. न्यायाधीशसुद्धा यांचेच बसणार. साहेब समजूत घालत होते, चार वर्षांनी परत निवडणूक आहे, तोवर कोर्ट आहे, पेपरवाले आहेत. ती म्हणाली, "बाबा, मी तीन तास रांगेत उभी होते. माझं मत वाया गेलं."

माझ्या पोटात दुखलं. सरळच सांगते, मी तिच्यावर जळले. तिचे कपडे, तिचं विमान, या घरातला पोहण्याचा हौद, यांतलं काही सहा वर्षांत माझ्या डोळ्यात खुपलं नव्हतं. त्या दिवशी तिचं रडणं खुपलं. माझ्याहून दोन वर्षांनी लहान असलेली बाई मत वाया गेलं म्हणून रडत होती. माझ्याकडे वाया जाण्याइतकंही काही नव्हतं. आमच्या खालच्या आळीत नळ नाही. तो वरच्या आळीत थांबवायचा हे त्याच देवळात ठरलं. मी अठरा वर्षं हंडे वाहिले आणि एकदाही रडले नाही, कारण ते कुणी ठरवलं असेल असं वाटलंच नव्हतं. पाऊस जसा कुणी न ठरवता पडतो, तसंच पाणीही कुणी न ठरवता मिळत नाही, एवढंच वाटायचं.

मॅडम दोन दिवस जेवल्या नाहीत. मी ताट वाढायचे, तसंच परत न्यायचे. त्या ताटाचाही मला हेवा वाटला.

पुढच्याच आठवड्यात आमची ग्रामपंचायत लागली. आमच्या वॉर्डात बाईची जागा. गावकी बसली. आतून नाव आलं, गावच्या पुढाऱ्याच्या सुनेचं. ती पोरगी माझ्या शेजारीच पायरीवर बसली होती. तिलाही तेव्हाच कळलं. नारळ ठेवायला गावकीचे म्होरके पाटीलबाबा उठले आणि मी उभी राहिले.  म्हटलं, "मलापन उभं ऱ्हायचंय."

 पाटीलबाबा रागावले नाहीत, त्याचीच भीती वाटली. हळूच म्हणाले, "बाय, गावाच्या भायेर जायचं हाय का तुला?"

आमच्याकडे याचा अर्थ पोरालाही कळतो. वाळीत टाकणार. कायदा आहे त्याच्याविरुद्ध, पण कायदा काही भात झोडायला येत नाही. आमचं भात कापून खळ्यावर पडलेलं. झोडणीला सगळे एकमेकांकडे जातात. आमच्याकडे कुणी आलं नसतं. नवरा मला हाताला धरून घरी घेऊन आला. मारलं नाही त्याने. फक्त म्हणाला, "तुझ्या हौसंपायी पोरीचं लगीन अडवशील गं." हे मारण्यापेक्षा जास्त लागलं.

तरी अर्ज भरला. अर्जाला वॉर्डातला एक सूचक लागतो, नाव सुचवून सही करणारा. पाच घरं फिरले. पाचही घरांत बायका आत बोलवायच्या, पाणी द्यायच्या आणि मान खाली घालायच्या. शेवटी पिठाच्या गिरणीवर गेले. नफीसाभाभीची गिरणी. तिला वाळीत टाकतील हे सांगणं माझं काम होतं, ते सांगितलं. ती हात झटकत म्हणाली, "आमाला भायेर काय काढतील गं? गावकीनं आमाला आत घेतलंय कदी?" आणि सही केली. दुसऱ्या दिवसापासून तिच्याकडे वरच्या आळीचं दळण येणं बंद झालं. तिने मला ते सांगितलंसुद्धा नाही. मला डब्यांच्या रिकाम्या फळीवरून कळलं.

माघार घ्यायच्या दिवशी मी कामावर होते. मुदत दुपारी तीनची. साडेबाराला फाटकापाशी दोन मोटारसायकली आल्या. पाटीलबाबा, पुढारी आणि मागे माझा नवरा. माघारीचा कागद भरून आणलेला, फक्त सही बाकी. तहसीलला न्यायला गाडीही तयार. मी फाटकाबाहेर गेले नाही. तेव्हा त्यांनी मॅडमना बाहेर बोलावलं. फार्महाऊसचा रस्ता गावाच्या जमिनीतून येतो, एवढंच ते बोलले असावेत. त्याहून जास्त बोलायची गरजही नव्हती.

मॅडम आत आल्या त्या कागद घेऊनच. माझ्यापुढे ओट्यावर ठेवला. आवाज गोड. "अगं, कशाला भांडणात पडतेस? सही करून टाक. गाव एकोप्याने चाललंय ते चालू दे. आम्हालाही इथे सगळ्यांशी जमवून राहायचंय."

 महिन्यापूर्वी याच बाई लोकशाही मेली म्हणून पाहुण्यांपुढे डोळे पुसत होत्या. ती रडारड खोटी नव्हती, मी स्वतः पाहिली होती. फक्त ती माझ्यासाठी नव्हती. लोकशाही त्यांच्या लेकीला हवी होती आणि मला एकोपा पुरे होता.

मी म्हटलं, "मॅडम, तुमची लेक हरली तवा तुमी दोन दिस जेवला नाय. मला निदान हरू तरी द्या."

त्यांचं तोंड उतरलं. मग त्या म्हणाल्या, उद्यापासून येऊ नकोस. मी पातेल्याखालचा गॅस बंद केला, हात धुतले आणि कागद तसाच ओट्यावर ठेवून मागच्या दाराने ओढ्याकडे उतरले. ओढ्याकाठी बसून राहिले. तीन वाजून गेल्यावरच उठले.

आता काम गेलंय. नवरा बोलत नाही. भात मी आणि माझी पोरगी, दोघीच झोडतोय. अंग ठणकतं.

पण रविवारी आमच्या वॉर्डात मतदान आहे. पायरीवर माझ्या शेजारी बसणाऱ्या सगळ्या बायका त्या पडद्याआड एकेकट्या जातील, आणि तिथे त्यांच्यासोबत ना नवरा असेल, ना पाटीलबाबा. बहुतेक जणी माझ्या विरोधात बटण दाबतील, हे मला माहीत आहे. दाबू देत. मी हरले तर किती मतांनी हरले ते गावाला मोजून सांगावं लागेल. पाच वर्षांनी मी पुन्हा अर्ज भरणार आहे.