निळी तबकडी

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर माझ्या खोकल्यावरून कळतं, मी बाहेर काय खाऊन आलो ते. मग आत्ताच का सांगतोय? वैताग आलाय स्वतःचा, म्हणून.

तारापूरच्या एका कारखान्याच्या रेल्वे सायडिंगवर मी सांधेवाला होतो. एका रुळाचे दोन होतात, तो सांधा; तो वळवायचं काम माझं. तिथे खांबावर एक गोल, पांढरी तबकडी असायची, जुन्या काळची. करणाऱ्यानं डोकं लावलं होतं हो. सांधा सरळ असला की तिचं अख्खं तोंड दिसायचं. आत, कारखान्याकडे वळवला की तीही वळायची आणि नुसती पातळ कड उरायची, लांबून दिसेनाशी होणारी. रुळालाच जोडलेली — तिला खोटं बोलायची सोयच नव्हती. पांढरी का? झाडी हिरवी, खडी काळी, डबे तांबडे. त्यात पांढरंच उठून दिसतं. हे सगळं मला पाठ होतं. आणि तरीही — सांगतो, थांबा.

तबकडीचा रंग उडाला होता. स्टोअरवाल्याकडे पांढरा मागून माझी जीभ झिजली. रोज आपलं 'उद्या'. आम्ही कोळी माणसं, घरात भावाच्या होडीचा निळा उरलेला. खाऱ्या पाण्यात टिकतो, मग इथे काय धाड भरलीय? फासला. तबकडीच्या मागेच कारखान्याच्या निळ्या पिंपांची ही भली मोठी रास. ती मला दिसली नसेल? दिसली होती. म्हटलं, चालतंय.

दशरथ आमचा शंटिंगवाला, जव्हारकडचा. इंजिन डबे मागे ढकलत असताना मागच्या डब्यावर उभा राहून तबकडी बघायची आणि ड्रायव्हरला झेंडी दाखवायची, हे त्याचं काम. त्या दुपारी डबे आत न्यायचे होते. मी सांधा अजून वळवला नव्हता — चहा पीत होतो. निळ्यात निळं त्याला दिसलंच नाही; वाटलं, तबकडी वळली. त्यानं हिरवी झेंडी दाखवली. डबे सरळ गेले आणि त्या रुळावर आधीच उभ्या असलेल्या डब्यांवर आदळले. दशरथनं उडी मारली म्हणून वाचला.

आणि आता बघा, स्टोअरमधून पांढऱ्याचा डबा निघाला. लगेच! साहेब यायच्या आत मी तबकडी पांढरी केली. त्यांनी नुसतं बोट लावलं असतं तरी रंग लागला असता. पण साहेब लांबूनच बघणार. दशरथ सांगत राहिला, "तबकडी दिसलीच नाय, साहेब." मला विचारलं. मी म्हणालो, अशीच होती, पांढरीशुभ्र. कुणीतरी म्हणालं, प्यायला असेल. दशरथ दारूच्या थेंबाला शिवत नव्हता. मला ठाऊक होतं ना? मग दातखीळ का बसली होती? त्याची नोकरी गेली. माझी राहिली.

शिव्या तरी घालायच्या होत्या त्यानं मला. पण नाही, तो माझाच शब्द खरा धरून बसला. दादा कशाला खोटं बोलतील? म्हणजे आपलेच डोळे फसवतात. त्यानं सायकलसुद्धा सोडली.

गेल्या आठवड्यात सरावलीच्या नाक्यावर दिसला. टेम्पोमागून टेम्पो चाललेले, आणि हा कडेलाच उभा. मला बघून हात पुढे केला. "दादा, जरा पलीकडं न्या. माझ्या डोल्यांचा भरवसा नाय."

मी हात धरून त्याला नेलं. त्याचे डोळे चांगले आहेत. एवढं एक वाक्य — रस्ता ओलांडून झाला तरी माझ्या तोंडून निघालं नाही.