हावगेप्पाची ज्युबिली

भालकीच्या पेठेतल्या हावगेप्पाला कुणी सांगितलं असतं की तुला एक दिवस आगबोटीचं वेड लागणार आहे, तर त्यानं हातातला कापड मोजायचा गज सांगणाऱ्याच्या पाठीत घातला असता. बेचाळीस वर्षांचा कापडाचा व्यापारी. समुद्र राहू द्या, कारंजा नदीला आलेला पूरसुद्धा त्यानं लांबूनच पाहिलेला. पण माणसाचं डोकं कधी फिरेल याचा नेम नसतो. त्याचं फिरलं ते निजामसरकारच्या ज्युबिलीच्या साली. गावात कमानी उभ्या राहिल्या, त्यांना लागणारं लाल कापड हावगेप्पाच्याच दुकानातून गेलं. कापड फाडता फाडता त्यानं शाळेच्या उद्धवराव मास्तरांना विचारलं, "मास्तर, ही ज्युबिली ज्युबिली म्हनत्यात ती काय भानगड हाय?"

"गादीवर बसून पंचवीस वर्सं झाली, त्याचा सोहळा."

"आन् लग्नाला पंचवीस झाली तर?"

"तर नवराबायकोची ज्युबिली. सायेब लोक करत्यात की. बायकोला घेऊन आगबोटीवर फिरायला जात्यात."

हावगेप्पानं कात्री खाली ठेवली आणि बोटांची पेरं मोजली. प्लेग आला त्याच्या पुढच्या साली त्याचं लग्न झालं होतं. पंचवीस! बरोबर पंचवीस!

त्या दिवशी जेवताना त्यानं बायकोकडे नीट पाहिलं. दुकानात इरकलीची थप्पी छताला लागलेली, आणि निलम्माच्या अंगावर मात्र डाग पडल्यामुळे न खपलेलं लुगडं. आजवर तिच्या वाट्याला असलीच लुगडी आली होती. ती कधी बोलली नव्हती, आणि न बोलणाऱ्याला सुख असतं असं हावगेप्पाला वाटत आलं होतं. आता त्यानं हातातला घास ताटात परत ठेवला. एकदा तरी हिला काहीतरी चांगलं, बिनडागाचं द्यायचं, असं त्यानं तिथंच ठरवलं.

मास्तरांनी मुंबईला इंग्रजीत पत्रं टाकली. दोन कंपन्यांची चोपडी आली, दोघींच्याही आगबोटी मुंबईहून सिंहलद्वीपाला जाऊन परत येणाऱ्या. एका बोटीचं धुराडं काळं, दुसरीचं पिवळं. मग काय विचारता! दुकानात गिऱ्हाईक ताटकळत उभं, आणि हावगेप्पा चोपड्याचा कागद अंगठ्यानं चोळून त्याचा पोत बघतोय.

"काळ्या धुराड्याचा कागद पातळ हाय मास्तर. ज्याचा कागद असला, त्याची बोट कसली असंल?"

"काळीवर खोलीला दोन खिडक्या हायत म्हनं. पिवळीवर एकच."

"आन् सैपाक?"

"काळीवर मटण आन् भाजी एकाच चुलीवर. पिवळीवर शाकाहाऱ्यांची चूल येगळी. आचारी बामन हाय."

"बामनाच्या हातचं तरी आपुन लिंगायतांनी कामून खायचं?" हावगेप्पा म्हणाला खरा, पण वेगळी चूल त्याच्या मनात भरली. त्यातून पिवळीवाल्यांचा आणखी एक थाट होता. लग्नाला पंचवीस वर्षं झालेलं जोडपं असेल, तर त्यांची नावं सोनेरी अक्षरांत छापून ती पाटी खोलीच्या दारावर लावायची आणि जेवणाच्या वेळी त्यांच्यासाठी बँड वाजवायचा. इथं हावगेप्पा विरघळला. पिवळी ठरली.

गाव नुसतं हबकलं. लिंगायताचा माणूस दर्यावर निघाला, तोही बायकोला घेऊन, तोही कामाशिवाय! मठातल्या गुरुपादय्यांनी तर पूजा राहिली बाजूला, आधी त्याची नाडी पाहिली. निलम्मा तेवढी हो म्हणाली नाही की नाही म्हणाली नाही. तिनं एकच गोष्ट विचारली.

"टिकिटावर नाव लिवावं लागतंय का?"

"लागतंय की. दारावरबी लागतंय. सोन्याच्या अक्षरात!"

"बरं," म्हणून ती गोवऱ्या आणायला परसात गेली. अडाणी बिचारी, नावाला भिते, असं म्हणून हावगेप्पा गालात हसला. त्यानं मास्तरांकडून अर्ज भरून घेतला. नवरा हावगेप्पा, बायको निलम्मा, लग्नाला पंचवीस वर्षं.

महिन्याभरात कंपनीचं पाकीट आलं. आत दारावर लावायच्या पाटीचा नमुना. हावगेप्पानं निलम्माला ओसरीवर बोलावलं, घोंगडीवर बसवलं आणि मास्तरांना म्हणाला, "वाचा जोरात."

मास्तरांनी घसा साफ केला. "हावगेप्पा आणि निलम्मा. संसाराची पंचवीस वर्षं."

निलम्मानं पाटी हातात घेतली, अक्षरांवरून बोट फिरवलं आणि पाटी खाली ठेवली.

"त्या लग्नात मी हुते की," ती म्हणाली. "अक्काच्या मागं करवली हुन उभी हुते. नऊ वर्साची. तुमी माझ्या हातावर खोबऱ्याची वाटी ठिवली हुती."

हावगेप्पाच्या डोक्यात वीज पडली म्हटलं तरी कमीच. प्लेगनंतरच्या साली त्यानं जिच्याशी लग्न केलं, ती निलम्मा हिची थोरली बहीण. सहा वर्षांनी मानमोडीच्या साथीत ती गेली. वर्ष सरायच्या आत त्याच्या आईनं धाकटीला सून करून आणलं, थोरलीचा टाक, म्हणजे त्या मेलेल्या सवतीची चांदीची प्रतिमा, हिच्या गळ्यात बांधला आणि नावही थोरलीचंच ठेवलं. 'घरात निलम्मा हुती, निलम्माच ऱ्हाऊ दे,' असं म्हातारी म्हणाली होती. दोन तुकडे शिवून एक तागा केल्यासारखं झालं, आणि जोड कुठं होता हे कापडाच्या व्यापाऱ्यालाच दिसेनासं झालं.

निलम्मानं गळ्यातला टाक मुठीत धरला. "लगीन अक्काचं, नाव अक्काचं, ज्युबिलीबी अक्काची. मग मी कामून येऊ?"

"चुकलं माझं!" हावगेप्पा ओरडलाच. "मास्तर, खोडा ते! हिचं खरं नाव लिवा!"

मास्तरांनी लेखणी दौतीत बुडवली. "सांगा, काय लिहू?"

हावगेप्पा सांगायला पुढं सरकला. काळ्या बोटीला खिडक्या किती, पिवळीवर चुली किती, सगळं तोंडपाठ होतं त्याला. करवलीचा हिरवा परकरसुद्धा आता डोळ्यांपुढे आला. पण अठरा वर्षं जिच्या हातची भाकरी खाल्ली, तिचं नाव काही येईना. मास्तर खाली मान घालून बसले. निलम्मा रागावली नव्हती, ती नुसती वाट बघत होती, आणि तेच त्याला सोसवेना.

"आठवलं की सांगा," ती उठत म्हणाली. "दर्या काय तवर आटत न्हाई."

रात्रभर त्याचा डोळ्याला डोळा लागला नाही. उजाडताच त्यानं छकडा जुंपला आणि मंठाळ गाठलं. तिथं निलम्माचा भाऊ महादेवप्पा शेती करून होता. त्यानं दाजींना गूळपाणी दिलं, जेवायला घातलं. हावगेप्पा तुरीबद्दल बोलला, बैलांबद्दल बोलला. शेवटी आडवळणानं म्हणाला, "ल्हानपनी तुमी हिला काय म्हनायचाव?"

"बारकी."

"आन् पाळन्यात घातलं तवा?"

महादेवप्पा पानाला चुना लावत होता. त्याचं बोट पानावरच थांबलं. "दाजी, तुमी बायकूचं नाव इचारायलाव व्हय?"

हावगेप्पानं मान हलवली. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं. महादेवप्पानं पान तसंच खाली ठेवलं आणि हळूच म्हणाला, "सिद्धव्वा."

छकड्यात हावगेप्पा ते नाव वाटभर घोकत आला. दिवस कलता कलता तो घरी पोचला. ती चुलीपुढे भाकरी थापत होती. तो उंबऱ्यात उभा राहिला.

"सिद्धव्वा."

ती थापतच राहिली.

"सिद्धव्वा!"

तिनं घाईघाईनं पिठाच्या हातानं पदर डोक्यावर ओढला आणि मागं वळून त्याच्या पाठीमागं, रिकाम्या ओसरीकडे पाहिलं, कोण पाहुणी आली म्हणून. ओसरीवर कुणी नव्हतं. मग तिला उमगलं. तव्यावरची भाकरी करपायला लागली, तरी तिचा हात उठेना. हावगेप्पाला एकदम रडू फुटलं.

"कवा आठवलं?" तिनं विचारलं.

खोटं बोलावं असं त्याच्या मनात आलं. पण जीभ वळली नाही. "मंठाळला जाऊन इचारलं."

"म्हंजी आठवलं न्हाईच." तिनं भाकरी उलटली, करपलेली बाजू वर आली. ती बाजूला ठेवून तिनं नवा उंडा हातात घेतला. तिचेही डोळे भरले होते, ते धुरानं नव्हते.

"मास्तरला सांगून टिकिट आता तुझ्या नावानं..."

"नगं," ती म्हणाली. "माझ्या लग्नाला अठराच झाली. पंचवीसला आजून सात हायत. तवर रोज हाक मारा. तुमच्या तोंडाला सवय हुईल, आन् माझ्या कानाला."