थरथरती रेघ

दवाखान्यात तिला सगळे ईसीजीवाली ताईच म्हणत. जिन्यालगतच्या चिंचोळ्या खोलीत तिने इतक्या जणांच्या हातापायांना चिमटे लावले होते, की कोण उगाच कण्हतोय आणि कोण खरं दुखणं लपवतोय हे तिला चटकन कळे. आज मात्र टेबलावर खुद्द सासूबाई होत्या. दुखऱ्या गुडघ्यापायी त्या घराच्या वरच्या मजल्यावर अडकून पडल्या होत्या. उद्या ऑपरेशन, त्याआधीची ही तपासणी.

"हात किती गार गं तुझे! पेशंट दचकूनच मरत असतील."

"बोलू नका आई, रेघ हलते."

यंत्रातून कागदाची पट्टी बाहेर आली, तिच्यावरची रेघ करवतीसारखी दातेरी. सासूबाईंनी मान उंचावून पाहिलं आणि त्यांचा चेहरा खुलला.

"बघ, हृदयच बिघडलंय! आता कसलं ऑपरेशन? दे डॉक्टरांना हीच."

तिने पट्टी उजेडात धरली. धडधाकट हृदयाच्या रेघेत आधी बुटका उंचवटा येतो, मग उंच सुळका, मग पसरट टेकाड. इथे उंचवटा त्या दात्यांत पार हरवला होता. पण सुळके? चौकटींवरून तिचं बोट सरकत गेलं. दोन सुळक्यांमधलं अंतर सगळीकडे सारखं. तालच चुकला असता तर तेही वाटेल तसे पडले असते.

"हृदय ठणठणीत आहे. थरथरताहेत ते हात."

"खोली गार आहे."

"पंखा बंद आहे, आई."

सासूबाईंनी हात पोटाशी ओढून घेतले. तिने त्यांच्या अंगावर चादर घातली, तळवे कमरेखाली दाबून ठेवायला लावले आणि पट्टी समोर धरली. "हा उंचवटा दिसतो ना पुसटसा? हृदयाच्या वरच्या मजल्याला इशारा मिळाला की हा उठतो. मग हा सुळका, खालच्या मजल्याचा. रक्त ढकलायचं सगळं जोराचं काम तिथलं."

"म्हणजे आपलंच घर. मी वरून हाक मारायची, तू खाली राबायचं. आणि हे टेकाड?"

"खालचा मजला पुढच्या ठोक्याआधी जरा सावरतो."

"ते सावरणं तुझं दुपारभर चालतं."

दोघी हसल्या. हसू ओसरल्यावर तिने बटण दाबलं. या वेळी प्रत्येक सुळक्याआधी बुटका उंचवटा नीट उभा होता.

"पहिली पट्टी?"

"फाडली."

सासूबाई छताकडे बघत राहिल्या. "भूल दिल्यावर माणूस उठतोच ना गं?"

"तुम्ही तर डॉक्टरांना नावं ठेवतच उठाल." तिने एकेक चिमटा काढला आणि कापसाने त्याखालची चिकट जेली पुसू लागली. "आणि समोर मीच असेन."

"रजा देतील तुला?"

"कधीच घेतलीय."

"मला न विचारता?" सासूबाई कोपरावर उठल्या आणि तिच्या हातातला कापूस त्यांनी ओढून घेतला. "आण इकडे. तुला धड पुसताही येत नाही."