बैलाचे डोळे आणि तानबाचा साक्षीदार

आमच्या सिंदी रेल्वे या गावात तानबा वायरमन माझ्या सायकलच्या दुकानाला लागूनच बसायचा. हात सोन्याचा, पण तोंडाला कुलूप नाही. एक बल्ब आणि त्याला जोडलेल्या दोन वायरी, एवढंच त्याचं हत्यार. त्याला तो ‘साक्षीदार’ म्हणायचा. वीज असेल तिथे बल्ब पेटे, नसेल तिथे नाही.

“मानूस खोटं बोलते,” तो मला रोज ऐकवायचा, “माहा साक्षीदार नाई बोलत.”

मी म्हणायचो, “मग तूच थोडा गप्प बस, त्याला बोलू दे.” पण ऐकेल तो तानबा कसला!

अठ्ठ्याहत्तर साली कापसाचे व्यापारी ताराचंदशेट नागपुराहून एक जुनी अमेरिकन गाडी घेऊन आले. बैलबंडीच्या दुप्पट लांब. तिच्यात एक बटण होतं. गाडी चाळीसच्या वेगाला नेऊन ते दाबलं, की पाय काढून घेतला तरी गाडी त्याच वेगात पळत राही. शेट पाहुण्यांना मुद्दाम सेलूच्या सरळ सडकेवर नेत आणि हुकूम सोडत, “नत्थू, पाय वर!” बारा वर्षांपासून शेटकडे असलेला ड्रायव्हर नत्थू बटण दाबून दोन्ही पाय सीटवर घेई आणि पंगतीला बसल्यासारखी मांडी घाली. मागे पाहुण्यांची पाचावर धारण बसायची. शेटचा चेहरा काय खुलायचा तेव्हा!

पोळ्याच्या आठ दिवस आधी शेटचे होणारे व्याही आले. “नत्थू, पाय वर!” नत्थूनं मांडी घातली आणि गाडी हळूहळू मंदावत एका म्हशीशेजारी उभी राहिली. व्याही म्हणाले, “वा, म्हैस पाहून आपोआप थांबते!” शेटचं नाकच कापलं गेलं.

गाडी तानबाकडे आली. डॅशबोर्डाखाली एक काळा डबा होता, सगळी अक्कल त्यात. साक्षीदार लावला, तर डब्यापर्यंत वीज येत होती, फ्यूज शाबूत होता, बटणही ठीक. तरी डबा मुका. दोन दिवस तानबा गाडीत उलटा लटकला. तिसऱ्या दिवशी शेटनं सगळ्यांसमोर विचारलं, “काऊन रे, नाई जमत काय?”

‘नाही जमत’ म्हणणं तानबाच्या जिभेला ठाऊकच नव्हतं. तो म्हणाला, “नत्थू गाडी धुते तवा आतमंधी पानी मारते. डब्यात पानी गेलं असन.”

साक्षीदार असं काहीच बोलला नव्हता. हे बोलला तानबा.

शेट तिथंच नत्थूला म्हणाले, “पोळा होऊन जाऊ दे. मंग येऊ नोको.” नत्थू गाडी पोटच्या पोरासारखी पुसायचा. तो बादली उचलून चालता झाला. मला तानबाचा असा राग आला, की त्या दिवशी मी त्याचा चहा नाकारला.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे सजवलेल्या लाकडी बैलांची स्पर्धा भरते त्या तान्ह्या पोळ्याच्या सकाळी मात्र तानबाला चैन पडेना. डब्यातून निघणारी एक तपकिरी वायर त्यानं हातानं चाचपत, सीटखालून, डिकीतून थेट मागे नेली. ती संपली ब्रेकच्या लाल दिव्याच्या होल्डरात. होल्डर रिकामा होता. त्यानं साक्षीदाराचं एक टोक होल्डरात घातलं, दुसरं पत्र्याला टेकवलं. पुढे डब्यात कट्ट आवाज झाला. डबा जागा झाला! ब्रेकचा बल्ब जागेवर नसल्यानं डब्यातल्या विजेला परतीची वाटच मिळत नव्हती, म्हणून तो गाडीला आपोआप पळूच देत नव्हता.

आणि बल्ब कुठे होते? शेटच्या लाकडी बैलाच्या डोळ्यांत! बैलाचे डोळे पेटायला हवेत, असं शेटनंच सांगितलेलं. व्याही यायच्या आदल्या दिवशी तानबानं गाडीचे दोन्ही बल्ब काढून, लाल पन्नीचा पारदर्शक कागद गुंडाळून तिथे बसवले होते. मागच्या दिव्यांचा आणि पळण्याचा काय संबंध, पोळा झाला की परत लावू, असा त्याचा हिशेब.

हे सगळं मला सांगून तो मटकन खाली बसला. मागच्या घरातून सगळं ऐकणारी त्याची बायको कौशल्याबाई म्हणाली, “आता तुमी बोलता, का साक्षीदाराले पाठवू?”

दुपारी मैदानात शेटच्या बैलाचे डोळे पेटले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिला नंबर! शेटनं तानबाला मंचावर बोलावून हार घातला, माइक हातात दिला. तानबानं माइक तोंडाजवळ धरला.

“हे बल्ब मी शेटच्या गाडीतून काढलते,” तो म्हणाला. “म्हनून गाडी थांबली. नत्थूनं पानी नाई मारलं. मी खोटं बोललो.”

सगळं मैदान हसलं. शेट हसले नाहीत. बैलाला मागून ढकलत आणणारा नत्थूही हसला नाही. शेट त्याच्याकडे वळून एवढंच म्हणाले, “उद्या टायमावर येजो.” तानबानं गळ्यातला हार काढून नत्थूला घालायला नेला, तर नत्थूनं तो बैलाच्या शिंगाला अडकवला.

दुसऱ्या दिवशी बल्ब जागेवर गेले. नत्थू गाडी घेऊन आमच्या दुकानांसमोर आला, भरलेली बादली आणि फडकं तानबापुढे ठेवलं.

“पानी कसं मारतेत, दाखव,” तो म्हणाला.

तानबानं, जन्मात पहिल्यांदा, तोंडातून अक्षर न काढता ती एवढी लांब गाडी धुतली. उभ्या गाडीत नत्थू ड्रायव्हरच्या सीटवर दोन्ही पाय वर घेऊन, मांडी घालून बसला होता. मी त्याला चहा नेऊन दिला.